सोमवारी म्हणालो, काढलंय

‘काढणं’ या शब्दाला आपल्याकडे किती अर्थ आहेत याचा मी कधी विचार केला नव्हता. आपण दूध काढतो, फोटो काढतो, विहिरीतला गाळ काढतो. कॉम्प्युटरच्या दुकानात हा शब्द आणखी राबतो. ‘गाणी काढून द्या’ म्हणजे कॉपी करून द्या. ‘पेन ड्राइव्ह काढा’ म्हणजे उपसून घ्या. ‘ती फाइल काढा तिथून’ म्हणजे पुसून टाका. गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांनाही बरोबर कळतं, चूक होत नाही. माझीही झाली नव्हती. मी त्या शब्दाच्या आड जाणूनबुजून लपलो, आणि बरीच वर्षं तिथंच बसून राहिलो. आता पन्नाशीला आलोय. सांगून टाकतो.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला शिरूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझा कॉम्प्युटरचा क्लास होता. सात मशिनं, एक प्रिंटर, आणि भिंतीला टेकवलेल्या बारा प्लॅस्टिकच्या खुर्च्या. शिकायला येणाऱ्यांपेक्षा पेन ड्राइव्ह घेऊन येणारेच जास्त. रांजणगावला कंपनीत जाणारी मंडळी, मार्केट यार्डातले लोक, शाळेतले शिक्षक. प्रत्येकाच्या पेन ड्राइव्हमधून एक नवा व्हायरस यायचा. आठवड्यातून दोनदा मी सगळी मशिनं पुसून पुन्हा भरायचो. शेवटी कंटाळून एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून सातही मशिनींवर विंडोजऐवजी लिनक्स चढवलं. व्हायरस गेले. माझी मान ताठ झाली. तालुक्यात हे फक्त मला येतं, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवायला लागलो.

पण पेन ड्राइव्ह दिसेनात.

विंडोजमध्ये खोचला की दिसतो. लिनक्समध्ये त्या काळी नुसतं खोचून भागायचं नाही. तो ‘माउंट’ करावा लागायचा, म्हणजे मशिनीला सांगावं लागायचं की बाबा, हे नवीन कपाट आलंय, त्याचा अमुक खण अमुक फोल्डरला जोडून दे. हे काम आपोआप व्हायला हवं होतं, आणि माझ्या मशिनींवर कधी व्हायचं, कधी नाही. लोक ताटकळायचे. एका शिक्षकांनी भर क्लासात विचारलं, “सर, तुमची मशिनं आंधळी हायेत का?” सगळे हसले. मीही हसलो, आणि घरी जाईपर्यंत ते वाक्य कानात घोळवत राहिलो.

मग मी हट्टाला पेटलो. आठ-दहा दिवस दुसरं काही सुचलं नाही. जेवताना उठून वहीत काहीतरी खरडायचो. शेवटी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे मशिनीला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहिली. यूएसबीत काहीही खोचलं की मशिन त्याला एसडीए हे नाव द्यायचं. ते झालं कपाट. त्यातला पहिला खण म्हणजे एसडीए-वन. पेन ड्राइव्हमध्ये बहुतेक एकच खण असतो, तेव्हा माझ्या स्क्रिप्टचं काम सोपं होतं: कपाट आलं की पहिला खण उघड. दोन महिने एकही तक्रार नाही. ज्या शिक्षकांनी आंधळी म्हटलं होतं त्यांना मुद्दाम बोलावून दाखवलं.

आता मामांबद्दल.

हे माझ्या बायकोचे मामा. दौंडला रेल्वेत पॉइंट्समन होते, यार्डात गाड्यांची जोडाजोड करायचे. त्यांच्या आजोबांपर्यंतची पिढी मेंढरामागं फिरलेली. घर नंतर शेतीला लागलं आणि हे रेल्वेत लागले, पण आवाज मेंढरामागचाच राहिला होता. इंजिनाच्या आवाजातून चार रुळांपलीकडच्या माणसाला हाक पोचायची. आमच्या लग्नात लाउडस्पीकर बंद पडला तेव्हा मंगलाष्टकांनंतर जेवणाची हाक त्यांनीच दिली होती, असं सासरी अजून सांगतात. मला ते ‘पाव्हणं’ म्हणायचे, आणि वयानं पंचवीस वर्षांनी मोठे असून अहो-जाहो करायचे. भाचीचा नवरा म्हणजे जावई. जावयाला कुणी उलट विचारत नाही. मी पुढं जे केलं ते मला या एका गोष्टीमुळं करता आलं.

त्यांच्या घशात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आवाजाची पेटीच काढावी लागेल. शुक्रवार ठरला.

आदल्या शनिवारी ते न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीनं शिरूरला आले, एकटेच. क्लासात दोन जण टायपिंग करत होते. मामांनी खिशातून काडेपेटीएवढा एमपीथ्री प्लेअर काढला, काळी दोरी लावलेला. त्यात गाणी ऐकायची, आणि एक बटण दाबून रेकॉर्डिंगही व्हायचं. पुतण्यानं आणून दिला होता.

“पाव्हणं, शुक्रवारी गळा कापत्यात. मग आवाज न्हाई. ह्यात थोडं बोलून ठिवलंय पोरीसाठी. तेवढं सीडीवर काढून द्या,” ते म्हणाले. आवाज तेव्हाच खरखरीत झाला होता. मी विचारलं, काय बोललात? म्हणाले, “ते तिला कळंल.” मुलगी बारावीला होती. एकुलती एक.

मी म्हटलं, त्यात काय मामा, दोन मिनिटांचं काम. चहा मागवला. त्यांना चहा नीट गिळता येत नव्हता, निम्मा ठेवून ते संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. प्लेअर माझ्याकडे, त्याच्या पडद्यावर एक फाइल दिसत होती.

मी तो मशिनीला खोचला. काही झालं नाही. काढून पुन्हा खोचला. दुसऱ्या मशिनीला लावला, तिसऱ्या. माझी स्क्रिप्ट गप्प. हातानं आज्ञा देऊन पाहिली, तर मशिन म्हणालं, एसडीए-वन असं काही अस्तित्वातच नाही. मी उठलो, गल्लीत एक फेरी मारली, परत बसलो. मशिनीच्या नोंदी उघडल्या. तिथं इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ: कपाट सापडलं, पण खणांची यादी ओळखता येत नाही.

आता जे कुणी हे काम जाणतात ते इथंच हसतील. त्या काळच्या बऱ्याच एमपीथ्री प्लेअरांना खण नसायचेच. आख्खं कपाट म्हणजेच एक खण. मला एवढंच करायचं होतं की एसडीए-वन लिहिण्याऐवजी एसडीए लिहायचं. शेवटचा एकचा आकडा गाळायचा. झालं असतं.

आणि तेही सुचलं नाही तरी शेजारच्या फोटो स्टुडिओत विंडोजचं मशिन होतं. वीस पावलं. तिथं खोचला असता तर दिसला असता, आणि सीडी त्यांनीच काढून दिली असती. हा विचार मला तेव्हा आला होता, हे कबूल करतो. पण त्या स्टुडिओवाल्याला मी दोनच दिवसांपूर्वी विंडोजवरून टोमणा मारला होता. त्याच्या दारात पेन ड्राइव्हसारखी वस्तू घेऊन जायचं, ‘माझ्याकडं दिसत नाही, तुमच्याकडं बघा’ म्हणायचं, हे माझ्यानं होईना.

मी त्या ओळीचा माझा अर्थ लावला. यादी ओळखता येत नाही म्हणजे यादी बिघडलीय. बिघडलीय तर नवी करू. पेन ड्राइव्हच्या बाबतीत हे मी पंधरा-वीसदा केलं होतं. रिकामे असायचे ते, पण हाताला सवय झाली होती. खण पाडायचा प्रोग्रॅम उघडला, एक खण पाडला. प्रोग्रॅम थांबून वाट बघत राहतो, तुम्ही शेवटचं एक अक्षर दाबेपर्यंत काहीच लिहीत नाही. सज्जन प्रोग्रॅम आहे. मी अक्षर दाबलं. तरी उघडेना. मग तो खण फॉरमॅट केला, म्हणजे धुऊनपुसून नवा केला.

आणि स्क्रिप्ट चालली. खण उघडला. खरं सांगतो, पहिले दोन सेकंद मला आनंद झाला.

फोल्डर रिकामं होतं.

मी ते बंद करून उघडलं. प्लेअर उपसला, परत लावला. प्लेअरची बटणं दाबली, त्याच्या छोट्या पडद्यावर शून्य फाइल. टायपिंगवाल्या दोघांना मी लवकर घरी पाठवलं.

रविवारी मी वडगाव रासाईला आमच्या शेतावर गेलो. काम काही नव्हतं. भाऊ म्हणाला, बस की जरा. मी बसलो नाही. नदीपर्यंत जाऊन आलो, मोटारीपाशी उभा राहिलो, पुन्हा नदीकडे निघालो. मनात एकच हिशेब चालला होता: अजून पाच दिवस आहेत. मामांना आज सांगितलं तर ते आज संध्याकाळी पुन्हा बोलतील. तेच शब्द नसतील, पण आवाज असेल. फोन करायचा, एवढंच. भावाच्या घरात फोन होता. मी दोनदा त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. काय सांगू? तुमचा आवाज मी पुसला? तालुक्यात फक्त मला येतं म्हणणाऱ्यानं?

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला क्लासातला फोन वाजला. मामाच होते. स्टेशनवरून बोलत होते, मागं गाडीची घोषणा चालली होती.

“पाव्हणं, काढलं का?”

मी म्हणालो, “काढलंय, मामा.”

प्लेअर मशिनीतून काढलेला होता, टेबलावर पडला होता. त्यातलं रेकॉर्डिंगही काढलेलं होतं. दोन्ही अर्थांनी मी खरं बोललो होतो. तिसरा अर्थ, ज्या अर्थानं त्यांनी विचारलं होतं, तो मी त्यांच्यावर सोडला. ते म्हणाले, मग बरं झालं. आणि फोन ठेवला.

नंतर मी आणखी एक गोष्ट केली, आणि ती मला पहिल्या चुकीपेक्षा जास्त छळते. रिकामा प्लेअर हातात देणं बरं दिसेना, म्हणून त्यात भजनं आणि जुनी गाणी भरली, अगदी गच्च. फार पुढं मला कळलं की फॉरमॅट केल्यावरसुद्धा आतली माहिती बरीचशी जागेवर असते, वरून काही लिहिलं नाही तर शोधून परत आणता येते. मी वरून सत्तर-ऐंशी गाणी लिहिली.

बुधवारी मामा स्वतः आले. गुरुवारी पुण्याला दाखल व्हायचं होतं. मी प्लेअर दिला आणि म्हणालो, सीडी क्लासात नीट ठेवलीय, घरी ओरखडे पडतील. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “एकदा ऐकू का? मलाच कळू दे, कसा येतोय.”

लाइट नव्हती. हे मी रचलेलं नाही, बुधवारी त्या वेळेला लोडशेडिंग असायचंच. मी बंद पंख्याकडं बोट दाखवलं. ते हसले. प्लेअर कानाला लावून बटण दाबलं, गाणं सुरू झालं, तर म्हणाले, “गाणी बी घातली व्हय. माझं काढून ह्यात भरलं म्हंजी.” मी हो म्हणालो. जायला निघाले तेव्हा मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागलेली होती. अजूनही सांगता आलं असतं, ते घरी जाऊन रात्रीपर्यंत बोलले असते. मी त्यांची पिशवी खिडकीतून आत दिली.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. चांगलं झालं. गळ्याला पुढं भोक राहिलं, श्वास तिथून. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं होतं. त्यातून निघणारा आवाज त्यांना आवडला नाही, ते कपाटात गेलं. मामांनी पाटी घेतली, शाळेतली, लाकडी चौकटीची. त्यावर लिहायचे, फडक्यानं पुसायचे. मामीला वाचता येत नव्हतं. मुलगी वाचून दाखवायची, नाहीतर खुणांवर भागायचं.

पाच-सहा महिन्यांनी क्लासात एक जण तसलाच प्लेअर घेऊन आला. पुन्हा तीच ओळ, खणांची यादी ओळखता येत नाही. या वेळी मी हात लावला नाही. पुण्यात लिनक्सवर काम करणाऱ्या एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, अरे, एक गाळ. मी एकचा आकडा गाळला. त्याची सगळी गाणी समोर आली. मी त्या माणसाला बसवून बाहेर आलो आणि स्टुडिओच्या पायरीवर बसलो. स्टुडिओवाल्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, ऊन लागलं.

म्हणजे तोपर्यंत मला शंभर टक्के माहीत होतं, मामांचं काही चुकलं नव्हतं. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं मी हे माहीत असताना बोललो.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही दौंडला साखरपुड्याला गेलो. जेवणं झाल्यावर तिनंच विचारलं, दाजी, पप्पांची सीडी देणार होता ना? खोलीत आठ-दहा माणसं होती. मामा खाटेवर बसले होते, पाटी मांडीवर. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो की सीडी लावून बघितली, पण त्यात काहीच आलं नव्हतं. मुळात रेकॉर्डिंगच झालं नसावं. ते बटण नीट दाबून धरावं लागतं, मामांकडनं राहिलं असेल.

कुणी विचारलं नाही की मग इतके दिवस का सांगितलं नाही. मग सोमवारी ‘काढलंय’ असं का म्हणालात, हेही नाही. जावई म्हणाला म्हणजे तसंच असणार. मुलगी उठून आत गेली. मामी मात्र मामांकडं वळली, हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आख्ख्या गाड्या जोडल्या आन् एवढं बटण दाबता आलं न्हाई.” माणसं हसली. मामांनीही हसून मान खाली घातली. त्यांनी पाटीवर काही लिहिलं नाही. फडकं हातात घेऊन कोरी पाटी पुसत राहिले.

ते वाक्य त्या घरात राहिलं. मिक्सर चालेना, मामी म्हणायची, तुम्ही नका दाबू, तुमचं बटणाचं माहीत हाय. मोबाइल आला, तेव्हा तेच. प्रेमानंच म्हणायची. मी दौंडला जायचं टाळायला लागलो. बायको कारण विचारायची, मी क्लासचं सांगायचो. गेलोच तर जेवून लगेच निघायचो. घरात कुणी ‘काढलं का’ म्हणालं, कपडे वाळत घातलेले असोत की कुकरचं झाकण, मी उठून बाहेर जायचो.

चार वर्षं गेली. क्लास बंद करून मी एका शाळेत लागलो होतो. नव्या लिनक्समध्ये पेन ड्राइव्ह आपोआप दिसायला लागले होते, खण असो नसो. एका दुपारी शाळेत नवं मशिन बसवताना एमपीथ्री प्लेअर खोचला, आणि तो एका सेकंदात पडद्यावर आला. काही न लिहिता, काही न विचारता. मी मुख्याध्यापकांकडं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि स्टँडवर गेलो. बायकोला सांगितलं नाही. एसटीत बसलो आणि न्हावऱ्यापर्यंत तीनदा वाटलं, उतरावं.

मामा ओट्यावर पेपर वाचत होते. मला बघून उठले, खूण केली, बसा. मामी आत स्वयंपाकघरात होती. तिनं आतूनच विचारलं, पाव्हणं एकटंच? मी हो म्हणालो आणि मामांच्या शेजारी बसलो. बसल्या बसल्या सांगायला लागलो, नाहीतर उठून गेलो असतो. शनिवारी काय झालं, यादी कशी पुसली, सोमवारी काय म्हणालो, गाणी का भरली. लाइटीचंही सांगितलं. साखरपुड्याचं शेवटी सांगितलं. 

माझं संपल्यावर मामांनी गळ्यावरचं फडकं नीट केलं. मग पाटी घेऊन लिहिलं. अक्षर जाड, रेल्वेच्या फळ्यावर लिहिल्यासारखं.

सोमवारी सांगायचं. बुधवारपर्यंत पुन्हा बोललो असतो.

मी म्हणालो, माहीत होतं मला, मामा. त्यांनी ते पुसलं आणि दुसरं लिहिलं.

तिला मी सांगणार न्हाई. तुम्ही सांगा.

स्वयंपाकघराच्या दाराकडं बोट केलं. मी म्हणालो, आत्ता? त्यांनी बोट तसंच ठेवलं.

मी मामीला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, म्हणाली चहा टाकलाय. मी उभा राहिलो. “मामी, ते बटण मामांनी बरोबर दाबलं होतं,” मी म्हणालो. “रेकॉर्डिंग झालं होतं. माझ्या हातून पुसलं गेलं. मी खोटं बोललो.”

मामीला आधी कळेना, कुठलं बटण. मग कळलं. ती माझ्याकडं बघेलसं वाटलं होतं, शिव्या देईलसं वाटलं होतं; मी त्याची तयारी करूनच आलो होतो. ती माझ्याकडं वळलीच नाही. मामांसमोर जाऊन खाली बसली.

“मग इतकी वर्सं मी बोलत व्हते, तवा ‘न्हाई’ का म्हनला न्हाई तुम्ही?” ती म्हणाली. “नुसती मान तरी हलवायची.”

मामांनी तिच्याकडं बघितलं. पाटी घेतली, लिहिलं, थोडा वेळ स्वतःच वाचत राहिले. मामीनं हात पुढं केला, पण तिला वाचता येत नव्हतं, आणि घरात दुसरं कुणी नव्हतं. मामांनी पाटी माझ्याकडं फिरवली आणि तिच्याकडं खूण केली, तिला वाचून दाखवा म्हणून.

मी वाचून दाखवलं.

“मलाच खात्री नव्हती.”